नऊ नंबरची बाटली

२ फेब्रुवारी २००४

आज चाळीस शिंपले फोडले. एकातही काही नाही! तीन वर्षांत पाच हजारांच्या वर झाले असतील – हिशेब ठेवायचा सोडून दिलाय. साबणाने तीनदा हात धुतले तरी नदीचा वास जात नाही.

मरळ माशाच्या आतड्यात एक चपटा किडा असतो. त्याची पिल्लं आधी नदीतल्या शिंपल्यात वाढतात, असं माझं म्हणणं. पुरावा काय? एक बाटली! २००१ मध्ये नदीवरच्या नऊ ठिकाणांहून शिंपले आणले होते, त्यात नऊ नंबरच्या बाटलीत ती पिल्लं सापडली. प्रत्येकाला बैलाच्या शिंगांसारख्या दोन शेपट्या. त्या दिवशी प्रयोगशाळेत मी एकटीच नाचले होते. तेव्हापासून दर सोमवारी नऊ नंबरवर, म्हणजे मुंढव्याच्या खाली, गुडघाभर गाळात उभी. फेस, प्लास्टिक आणि मी.

११ फेब्रुवारी

कॉलेजातल्या आमच्या खोलीत कॉम्प्युटर येणार आहेत. किड्यांच्या बाटल्या जिन्याखाली हलवा म्हणे.

१६ फेब्रुवारी

दत्तप्रसाद सरांनी बोलावलं. “जयाबाई, किडा तुम्हाला सापडत नाही, की तुम्ही किड्याला?” स्वतःच हसले. माझे गाईड आहेत, म्हणून मीही हसले.

३१ मार्चला माझी नोंदणी संपते. तोवर प्रबंध गेला नाही तर पीएच.डी. गेली, आणि नोकरीही. कॉलेजने मला तेवढ्याच आशेवर ठेवलंय. सर म्हणाले, “‘नाही’ हासुद्धा निष्कर्षच असतो. लिहा – इथल्या शिंपल्यात हा किडा नाही – आणि मोकळ्या व्हा.”

“आणि ती बाटली, सर?”

“बजरंगने कशात काय कोंबलं, देव जाणे. एक बाटली हरवलीच होती ना त्याने?”

हरवली होती खरी. बजरंग आमच्या प्रयोगशाळेतला जुना शिपाई. त्या फेरीत बाटल्या भरणं, चिठ्ठ्या लावणं त्याच्याकडे होतं. नऊ नंबरच्या बाटल्या दोन निघाल्या आणि एक नंबरची एकही नाही. मी चिडून त्याला मेमो द्यायला लावला. तो नुसता म्हणत राहिला, “म्या ठिवली व्हती मॅडम.” त्यानंतर चिठ्ठ्या मीच लिहिते.

१ मार्च

आज पन्नास. कोरे. घरी येऊन “नाही” लिहायला बसले.

९ मार्च

“नाही” लिहायला एकशे ऐंशी पानं लागतात! बाटलीचा उल्लेख एका ओळीत उरकला – “पहिल्या फेरीतला नमुना बहुधा सदोष हाताळणीमुळे.” सदोष हात कुणाचे, ते लिहिलं नाही. सगळ्यांना कळेल.

२२ मार्च

प्रबंध दिला. पोचपावती पर्समध्ये आहे. काहीच वाटत नाहीये.

बाबांनी आधीच पाटी करून ठेवली होती – “डॉ. जया दशरथ”. पोस्टातून रिटायर झालेला माणूस, एवढा उतावळा कधी पाहिला नव्हता. “बाबा, अजून तोंडी परीक्षा आहे.” तर म्हणाले, “खिळा ठोकून ठेवतो. पाटी नंतर लावू.” सकाळी विहारात सगळ्यांना सांगूनही आले! मी पंख्याकडे बघत पडून राहिले. तीन वर्षांनी एवढंच – नाही.

२४ मार्च

बजरंग ३१ तारखेला निवृत्त होतोय. त्याच्या गावी रविवारी जेवण आहे. बोलवायला आला – मला! चिठ्ठीवर शेजाऱ्यांचा फोन नंबर लिहून दिला. “यायच्या आधी फोन करा, येशीपाशी हुबा ऱ्हातो.”

मी जाणार नाही. कुठल्या तोंडाने जाऊ?

२६ मार्च

येत नाही हे कळवायला कॉलेजातून फोन केला. कुठल्याशा वकिलाच्या घरी लागला. परत केला – तोच वकील. तिसऱ्यांदा तो म्हणाला, “बाई, तुमचं घटस्फोटाचं काम असेल तर ऑफिसात या.”

चिठ्ठी नीट बघितली. शेवटचा आकडा 9. इंग्रजी नऊ, लांब शेपटीचा. बाकीचे आकडेही इंग्रजीच. मग लक्षात आलं – तो नऊ नाही! तो १ आहे. मराठी एक! मीच सक्ती केली होती, बाटल्यांवर आकडे इंग्रजीत लिहा. सगळे बदलले त्याने, हाताला बसलेला एक तेवढा राहून गेला.

जिन्याखाली पळत गेले. बाटली काढली. तीच शेपटी.

एक नंबरची बाटली कधी हरवलीच नव्हती. किडा एक नंबरला होता, बाणेरच्या वरच्या अंगाला. मी तीन वर्षं नदीच्या दुसऱ्या टोकाला उभी होते! आणि मूर्खपणा असा, की दोन नऊ आणि एक गायब – पहिलीतल्या पोरालाही कळलं असतं.

प्रबंध खोटा आहे. कुणाला कळणार आहे पण? मला, बाटलीला आणि या वहीला.

२८ मार्च

जेवायला गेले. एक-नऊचा घोळ सांगून मेमोबद्दल माफी मागितली. बजरंग पानात भात वाढत म्हणाला, “ऱ्हाऊ द्या मॅडम. पेन्शनीच्या कागदात हाय त्यो आता.”

तोच म्हणाला, चला, बघू. दुपारी दोघं एक नंबरला गेलो. काठावर डंपरनी राडारोडा टाकलाय, वर कुठल्याशा कंपनीच्या इमारतीची जाहिरात. पाणी वीतभर उरलंय. बजरंग निवृत्तीच्या नव्या पँटसकट आत शिरला. अकरा शिंपले मिळाले. पुढच्या आठवड्यात तेही भरावाखाली जातील.

घरी आले तर दाराबाहेर खिळा. नवा, चकचकीत.

२९ मार्च

सहाव्या शिंपल्यात आहेत. जिवंत! दोन-दोन शेपट्या.

दोन अर्ज लिहिले. एक, बजरंगचा मेमो मागे घ्यावा. दुसरा, माझा प्रबंध परत मिळावा. दोन्हींवर तारीख अक्षरी घातली.