वरच्या खाचराचं वाक्य

कापडे,
१९ ऑक्टोबर २०२५

चि. अक्षदा हिस मामाचे अनेक आशीर्वाद.

मामी म्हणते फोन कर, पण फोनवर मला नीट सांगता येत नाही, म्हणून लिहितो. दोन वर्षांमागे तू कॉलेजातर्फे आपल्या गावात जे भाताचं बियाणं तपासलंस, तेच यंदा मी वरच्या खाचरात लावलं. लोंब्या आल्या, दाणा भरला नाही. खालची खाचरं बरी आहेत.

रागावू नकोस गो. तुझ्या तपासणीच्या वेळीही वरचं असंच पोचट गेलं होतं, ते आठवत होतं मला. पण पोलादपुरात सोमाच्या दुकानात पिशवीवर तुझं नाव पाहिलं. तुझ्या स्वतंत्र संशोधनानुसार हे कोकणातल्या सर्व जमिनींना उत्तम, असं छापलेलं. वाटलं, मागल्या खेपेला माझंच काही चुकलं असणार. माझं बघून आणखी चौघांनी उतारावर लावलं. ते आता माझ्याशी बोलत नाहीत, तेच जड जातं.

तब्येतीला जप.
तुझा कुशाबामामा

महाड,
२ नोव्हेंबर २०२५

ती. मामांस अक्षदाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुमचं पत्र चार वेळा वाचलं. मी लिहिलं होतं ते असं: ‘पाणी धरणाऱ्या खालच्या खाचरांत हे बियाणं उत्तम. उतारावरच्या खाचरांत दाणा भरत नाही, तिथे लावू नये.’ बियाण्याच्या कंपनीने मला न विचारता पहिल्या वाक्यातलं ‘उत्तम’ तेवढं उचललं.

खरं सांगते, ती पिशवी मी मे महिन्यातच पाहिली होती. कंपनीला लिहिलं, उत्तर आलं नाही, आणि परीक्षांच्या धबडग्यात दमून गप्प बसले. तुम्हाला कळवायचं तर मनातही आलं नाही. वरचं खाचर तुमचंच, तुम्हाला काय सांगायचं, असं वाटलं. आता पुन्हा दोनदा लिहिलं. पिशवीवर जागा कमी असते म्हणतात. पुढल्या हंगामापासून माझं नाव काढतील, मजकूर मात्र तोच राहील. फार थकले मामा.

लोभ असावा असं लिहायला हात धजत नाही, तरी लिहिते.
तुमची अक्षदा

कापडे,
२४ मे २०२६

चि. अक्षदा हिस अनेक आशीर्वाद.

सोमाकडे नव्या पिशव्या आल्या. तुझं नाव नाही, ‘सर्व जमिनींना उत्तम’ मात्र तसंच. मग तुझ्या पत्रातली ती दोन्ही वाक्यं पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिली आणि पिशव्यांच्या वरच भिंतीला लावली. सोमा कुरकुरला. त्याला म्हटलं, खालच्या खाचरांसाठी लोक घेतीलच की.

मामी म्हणाली, खाली कोणाचं तरी नाव हवं, नाहीतर कोण मानणार. तुझं घातलं. त्याखाली माझं घातलं: कुशाबा, कापडे, वरचं खाचर, दोनदा पोचट. लिहिताना लाज वाटली. पण त्या चौघांतला चांगू ते वाचून सात महिन्यांनी पहिल्यांदा माझ्याशी बोलला. यंदा वर काय लावणार, असं विचारलं त्याने.

मी म्हटलं, भाचीला विचारतो. वरच्या खाचराचं बियाणं अजून घेतलेलं नाही. तू ये, पायाने फिरून बघ आणि सांग. तुझा हात धजला नाही, तर माझ्याकडून घे: लोभ आहे.

कुशाबामामा