बटव्यासारखं दुकान

सासूबाई,

साष्टांग नमस्कार. वर गेलेल्या माणसाला पत्र लिहितात का, मला ठाऊक नाही. पण आज दुपारी आपल्या दुकानात बायका येऊन बसल्या हो! हे तुम्हाला नाही तर कुणाला सांगू? अक्षरं वाकडी आहेत. माझा विनायक लहानपणी धूळपाटीवर गिरवायचा, तेव्हा शेजारी बसून शिकले तेवढीच.

आता दुकान विनायकच बघतो. कल्याणच्या बाजारातलं तेच आपलं कापडाचं दुकान. रस्त्याकडे उघडी ओटी, मागे काळोखी कोठी. कोळणी, भाजीवाल्या खुशाल ओटीवर बसून भाव करतात. आपल्या आळीतल्या बायकांनी साऱ्या बाजारासमोर बसायचं कसं? मग गड्याने गाठोडं घरी आणायचं आणि पसंत करायचं पुरुषांनी. तुमचं प्रत्येक लुगडं असंच आलं ना? तुम्हाला कुठला रंग आवडायचा हो? इतकी वर्षं एका चुलीशी बसलो, मी कधी विचारलंच नाही. पण तुम्हीही कधी बोलला नाहीत! का?

तर विनायक म्हणाला, "आई, दुकान नव्याने बांधावं म्हणतो. कसं करू?" मी तुमच्या खणाच्या बटव्यात सुपारी भरत होते. म्हटलं, "हा बघ. तोंड एवढंसं, आत केवढी जागा! बाहेरच्याला काही दिसतं का? असं कर." आधी हसला. मग बटवा हातात घेऊन किती तरी वेळ उघडमीट करत बसला.

तुमचे चिरंजीव कडाडले, "बटव्याचं दुकान? उद्या नथीची विहीर बांधा! दिवाळी सरेपर्यंत बायका आल्या नाहीत, तर भिंत पाडून ओटी होती तशी करायची."

सुतार-गवंड्यांनी मागची कोठी दुकानात घेतली, रस्त्याकडे भिंत घालून दार अरुंद केलं. दाराला दोन्हीकडून दोरीने ओढायचा जाड पडदा. आत गोलाकार फळ्या, चुण्या पडल्यासारख्या. हुबेहूब बटवा! आणि बटव्यासारखाच अंधार. विनायकने हिरवं म्हणून निळं लुगडं एका घरी पाठवलं. काय हसले लोक!

मग मी बटवा उलटा करून बघितला. आत पांढरं अस्तर. लवंग चटकन दिसावी म्हणून लावलंत का तुम्ही? विनायकने लगेच आतून चुन्याची सफेदी केली, छपरात काचेची कौलं बसवली. आता काठातली जरीची तारसुद्धा दिसते.

तरी कोणी येईना. दिवाळी संपत आली. मी रोज आत जाऊन बसायचे, एकटी.

आज शेजारची गोदा पडद्यापर्यंत आली आणि थबकली. मी आतून बघतेय, हाक मारायचं धैर्य होईना. तेवढ्यात पायरीवर टोपली टेकून बसलेली कोळीण म्हणाली, "जा गो बाय आत! दुकान काय तुला गिलनार नाय!" गोदा आली. मागोमाग तिची जाऊ, जावेची बहीण. विनायक पाठ फिरवून बाहेर पायरीवर जाऊन बसला, घड्या मी मोडल्या.

गोदाने एक अंजिरी लुगडं मांडीवर पसरलं. हात फिरवला, पुन्हा फिरवला. मग मला विचारते, "काकू, मी घेऊ का हे?"

"मला काय विचारतेस? नेसणार तू!"

सगळ्या अशा हसल्या! गोदाने ते बाजूला ठेवलं, दुसरं उघडलं, तिसरं उघडलं, आणि शेवटी काहीच न घेता उठली. "उद्या परत बघते," म्हणाली.

बाहेर तुमचे चिरंजीव उभेच. "काय विकलं?"

"काही नाही."

"मग एवढी खूश कशाला?"

"आल्या ना? भिंत राहणार ना?"

त्यांनी नव्या भिंतीवर एकदा थाप मारली. मग म्हणाले, "राहू दे."

सासूबाई, तुम्हाला शब्द देते. माझ्या हातात आहे तोवर इथे येईल तिला कोणी घाई करणार नाही. सगळ्या घड्या मोडून नुसती उठून गेली, तरी तिला कोणी 'का' म्हणून विचारणार नाही.

तुमची सून,
यशोदा