सौ.ने मला आकड्याला लटकविले

४ नोव्हेंबर, मंगळवार

आज आमच्या सौ.ने मला आकड्याला लटकविले. दोनदा!

नातीच्या संगणकावरील खेळात. तसे स्पष्ट लिहून ठेवितो. उद्या मी खरोखरच गेलो तर कोणास भलता संशय नको.

खेळ असा आहे : चौघांनी जीव वाचवावयाचा, पाचव्याने त्यांना मारावयाचे. चौघांनी अंधारात मोडकी जनित्रे दुरुस्त केली की फाटकाला वीज मिळते, मग फाटक उघडून पळावयाचे. पाचव्याने त्यांना गाठून, खांद्यावर टाकून लोखंडी आकड्याला अडकवावयाचे. सोबत्याने वेळेवर सोडविले तर ठीक. नाही तर कारभार आटोपला.

नात ऑफिसचे काम घेऊन काही दिवस आमच्याकडे राहावयास आली आहे. संध्याकाळी हे खेळते. काल म्हणाली, "आजोबा, एक माणूस कमी पडतोय. नुसतं भिंतीकडे बघत बसण्यापेक्षा या की!" मी भिंतीकडे पाहत नव्हतो. भिंतीवरील घड्याळाकडे पाहत होतो.

मारणाऱ्याची जागाही रिकामी होती. नातीने स्वयंपाकघरात जाऊन विचारले, "आजी, तू होतेस का?" सौ.ने हात पुसले आणि पडद्यावरील, तोंडावर पोते ओढलेल्या राक्षसावर बोट ठेविले.

का, ते मला तत्काळ समजले. मारणाऱ्याला बोलावे लागत नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार

अबोल्याविषयी येथे लिहिणे भाग आहे.

पावसाळा सरता सरता मी एके सकाळी, चष्मा कोठे आहे, असे विचारले. उत्तर नाही. पुन्हा विचारले. नाही. (चष्मा माझ्या कपाळावर होता, हा भाग वेगळा.) दुसरे दिवशी चहा मागितला. चहा त्याच्या वेळेला आला. शब्द काही आला नाही. तेव्हापासून आजतागायत नाही!

कारण मला ठाऊक नाही. विचारणारही नाही. हाक मी मारली होती, ओ तिने द्यावयाची. मी साहेबलोकांच्या इमारतीत जन्मभर लिफ्ट चालविली; घंटी वाजल्याखेरीज कोणत्याही मजल्यावर गेलो नाही.

नातीशी मात्र खदखदून हसते. नातीचा आवाज म्हणजे लाऊडस्पीकर.

एरवी या घरात बोलतो तो एकटा कुकर.

८ नोव्हेंबर, शनिवार

आमच्या बाजूस नातीच्या ऑफिसातील दोघे असतात. तोंडे पाहिलेली नाहीत, कानात आवाज येतात. एक घोगरा आहे. दुसरी एक मुलगी आहे. ती घाबरली की हसते.

आज प्रथमच जनित्रे पूर्ण झाली, फाटक उघडले. मी बाजूस उभा राहिलो. म्हणालो, "आधी आपण."

"आजोबा, ते दार धरावं लागत नाही! पळा!" घोगरा किंचाळला.

"तुम्ही व्हा पुढे. मी सर्वांच्या शेवटी निघतो."

ते तिघे निघाले. सौ. आली. भाजीची पिशवी उचलताना हिचे गुडघे कुरकुरतात. मला मात्र कापसाच्या उशीसारखे उचलते!

९ नोव्हेंबर, रविवार

कपाटात लपलो. सापडलो. या बाईने आयुष्यात कोणते कपाट उघडावयाचे ठेविले आहे?

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज वाद झाला. नात आम्हा सर्वांना एकाच फोनवर जोडते, सौ.लाही. एकटीला कंटाळा येईल म्हणून. सौ. कानाला हेडफोन लावून ऐकते, बोलत नाही.

घोगरा म्हणाला, "अगं, मारणाऱ्यालाच आपला सगळा बेत ऐकू येतोय! आजींना कॉलवरून काढ."

मी त्यास खडसावले. "त्या माझ्या धर्मपत्नी आहेत. त्यांच्यापासून लपवून मी आजवर काहीही केलेले नाही."

मग ती मुलगी हसू लागली. "पण आजोबा, तुम्ही आत्ता त्यांच्यापासूनच लपलायत ना?"

"होय. गवताच्या गंजीमागे."

सौ. लगेच आली.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

"आजोबा डाउन झाले!" असे नात ओरडते. "आजोबा पडले" असे म्हणावे, हे मी तिला पडल्या पडल्या सांगितले.

घोगरा सौ.ला आता 'आजी' म्हणत नाही. 'मॅडम' म्हणतो. आवाज खाली करून म्हणतो.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज जे घडले ते नीट लिहितो.

तिघेही मेले. मी एकटा उरलो, तोही जखमी, सरपटत. सौ.ने मला खांद्यावर घेतले. एक आकडा आला. ती पुढे गेली. दुसरा आला. तोही टाकून पुढे गेली! भिंतीच्या कडेला जमिनीत एक उघडे भुयार होते; शेवटी एकट्या उरलेल्याची ती पळवाट. त्याच्या तोंडाशी तिने मला अलगद खाली ठेविले.

नात मेलेली असल्यामुळे नुसती पाहत होती. ती ओरडली, "आजोबा, आजी तुम्हाला सोडतेय! उडी मारा आत!"

मला कोणाची दया नको. मी पडून राहिलो. राक्षस समोर उभा. हातात कुऱ्हाड, तोंडावर पोते. बराच वेळ तो हलला नाही. मग त्याने भुयाराकडे मान वळविली, पुन्हा माझ्याकडे वळविली. आमच्याकडे पाहुणे रेंगाळले की सौ. दाराकडे असेच पाहते.

झाले! निघणे भाग पडले. पण माणसाने रीत सोडू नये. मी म्हणालो, "येतो."

आणि कानात आवाज आला : "या."

तिचा!

निघणाऱ्याने 'येतो' म्हटले की मागून 'या' येतेच. त्यास बोलणे म्हणत नाहीत, हे मला समजते. तरी खेळ संपल्यावर मी खुर्चीतून चटकन उठू शकलो नाही. नात काहीतरी विचारीत होती. मी तिला हाताने थांबविले.

१७ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन म्हणालो, "काल तू 'या' म्हणालीस." ती भांडे घाशीत होती. घाशीत राहिली.

तेथेच, त्या उंबरठ्यावर, माझ्या डोक्यात प्रकाश पडला!

कानाला हेडफोन असले की तिला ऐकू येते. गंजीमागचा माझा श्वासही ऐकू येतो. नातीचा लाऊडस्पीकर ऐकू येतो. ऐकू येत नाही तो फक्त मी — उघड्या कानांनी. हा अबोला नव्हेच. कान गेले आहेत!

बिचारी! आणि मी आपला घंटीची वाट पाहत तळमजल्यावर.

नातीस सांगितले. ती म्हणाली, "असेलही. आणि तुम्ही बोलता तेही ओठातल्या ओठात, आजोबा." कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. तोवर मोठ्याने बोलावयाचे ठरविले.

१९ नोव्हेंबर, बुधवार

ओरडून बोलणे कष्टाचे काम आहे. दम लागतो. चहा आणि चष्मा यांवर तो खर्चणे परवडत नाही. शब्द निवडावे लागतात.

आज ओरडलो, "तू त्या राक्षसात फार शोभतेस!"

तिने वळून पाहिले. गैरसमज नको म्हणून पुन्हा ओरडलो, "म्हणजे उत्तम खेळतेस!"

"काय म्हणालात?"

बोलली! मला! समोरासमोर!

"उत्तम! खेळतेस!"

समोरच्या शिंपिणीने खिडकी उघडून पाहिले. सौ. म्हणाली, "असं होय."

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

आज तिला ओरडून सांगितले की, ती शेजारी गेली की मला हे घर लिफ्ट अडकल्यासारखे वाटते. ना वर, ना खाली. हे वाक्य मी हळू आवाजात जन्मात बोललो नसतो.

तिने दोन वेळा पुन्हा म्हणावयास लाविले. शिंपिणीने मशीन थांबविले होते.

संध्याकाळी तिने मला तीनदा लटकविले. पण आता आकड्याजवळ थोडी थांबते आणि विचारते, "लागलं का हो?"

२४ नोव्हेंबर, सोमवार

डॉक्टरांनी सौ.ला काचेच्या खोलीत बसवून बारीकसारीक आवाज ऐकविले. मग कागद पाहून म्हणाले, "आजी, तुमचे कान एखाद्या तरण्या मुलीसारखे आहेत!"

जिन्यात मी तिला विचारले, अगदी हळू, "मग इतके दिवस ओ का दिली नाहीस?"

"ओ देण्यासारखं बोलत होतात का तुम्ही?" ती कठडा धरून उतरत राहिली. "आणि पुन्हा असं हळू बोलू नका. मला ऐकू येत नाही."