डाव्या बाजूची सीट

शनिवार, ७ मे १९९४
नोव्हेंबरनंतर ही वही आज उघडते आहे. सहा महिने एक ओळ लिहिली नाही, त्याबद्दल माफी. घटस्फोटाचे कागद आणि घराची बांधाबांध यांतून जे उरत होतं ते लिहिण्यासारखं नव्हतं. आज आहे. लिंकनशरमधल्या या खेड्यात येऊन मला आठवडा झाला, शाळेत पदार्थविज्ञान शिकवायला लागले, आणि माझ्या गॅरेजात एक मोटार आहे.

घराबरोबरच आली. आधीचे मालक क्लिफर्ड हॉल्डर यांनी १९७१ साली सुटे भाग मागवून ती घरी जुळवायला घेतली होती. ठेंगणी, दोन माणसांपुरती, फायबरची बॉडी, छप्पर नाही. पुरी कधी झालीच नाही. खालचा सांगाडा, म्हणजे चासी, गंजली आहे, पण टोकदार हत्याराने ठिकठिकाणी टोचून पाहिलं, आत लोखंड शाबूत आहे. बॉनेटखाली चिमण्यांचं जुनं घरटं. आधी फोटो काढायचे, मग एकेक भाग सोडवून पिशवीत घालायचा आणि पिशवीला चिठ्ठी लावायची, असं ठरवलं.

टॅम्सिनला लीड्सला फोन केला. ऑगस्टात तिच्या विसाव्या वाढदिवसाला आम्ही दोघींनी या मोटारीतून समुद्रावर जायचं. ती म्हणाली, आई, तू उघडलेला टोस्टर अजून उघडाच आहे.

शेवटी सगळे करतात तो वेडेपणा मीही केला: आत बसून स्टिअरिंग फिरवलं. सीट मात्र दुसऱ्याच कुणाच्या अंगाची आहे. डावीकडे खोल, आणि उजव्या कमरेला टोचते.

रविवार, ८ मे
शेजारचे लेन मॉसप परसातल्या रुबार्बचे आंबट देठ घेऊन आले. वय पंचाहत्तरच्या पुढे. सीट त्यांनी आणि क्लिफर्डने मिळून ओतली होती. फोमच्या दोन रसायनांचे डबे कोमट पाण्यात ठेवायचे, एकत्र ढवळून प्लास्टिकच्या पिशवीत ओतायचे आणि वर बसायचं. फोम फुगून अंगाच्या आकाराचा घट्ट होतो. क्लिफर्डला लहानपणी पोलिओ झालेला, डावा पाय आखूड, म्हणून तयार सीट चालेना. म्हणाले, पोरी, बसला तो चिकटलाच, शेवटी विजार कापून बाहेर काढला गाढवाला. जाड कॉर्डुरॉय घालून बसला होता, तिच्या घड्या फोममध्ये उमटल्या, म्हणून सीट टोचायची. पुढच्या खेपेला पातळ कपडे, असं तो घोकत असायचा.

पुढची खेप बायकोची होती. डावी सीट तिच्या मापाने ओतायची होती. इनिड म्हणाली, मी बसने जाईन, पण तुझ्या त्या पिशवीवर बसणार नाही. वीस वर्षं तो विचारत राहिला, ती नाही म्हणत राहिली. एका रविवारी जेवण झाल्यावर तो आपल्या सीटवर बसल्या बसल्याच वारला.

दोन न फोडलेले डबे अजून फळीवर आहेत. आतलं केव्हाच वाळलं असणार.

मंगळवार, १० मे
सीट निघत नाही. फोमने बॉडी धरून ठेवली आहे. नाइलाजाने तिच्यावरच बसून डॅशबोर्डच्या तारा सोडवल्या. तीन तास. आज टोचली नाही. सवयीचा भाग असावा.

शुक्रवार, १३ मे
शाळेत एका मुलीने विचारलं, मिस, पाय मुरगळलाय का? घरी येऊन मोजलं. डावा पाय एक सेंटिमीटरने आखूड. तीनदा मोजलं. थकव्याने कमर तिरकी पडते, हे मला माहीत आहे. म्हणून सीटचा खळगाही मोजला. तो शनिवारी मोजून ठेवला होता तेवढाच आहे. म्हणजे बदल सीटमध्ये नाही.

मॉसप कुंपणापलीकडून म्हणाले, मेलेल्याची नक्कल करू नये, बाई.

सोमवार, १६ मे
गेल्या आठवड्यातल्या चिठ्ठ्या माझ्या अक्षरात आहेत. कालच्या डावीकडे कलतात. मी उजव्या हाताने लिहिते. काल कोणत्या हाताने लिहिलं, आठवत नाही.

गॅरेजला कुलूप घातलं. किल्ली मॉसपना दिली आणि मागितली तरी देऊ नका असं बजावलं.

मंगळवार, १७ मे
भर दुपारी, शाळेच्या वेळेत, भानावर आले ती सीटवर. किल्ली माझ्या खिशात. मॉसपच्या म्हणण्याप्रमाणे ती मागायला मीच गेले होते, लेनी अशी हाक मारली. त्यांना लेनी म्हणणारा एकच होता. हे सांगताना त्यांनी दार पुरतं उघडलं नाही.

पाय: तीन सेंटिमीटर.

बुधवार, १८ मे
फळीवरचे डबे हलवून पाहिले. आत पातळ आहे, हलतं. तेवीस वर्षं.

डाव्या सीटवर नवी प्लास्टिकची पिशवी नीट पसरलेली. मी—
मीच पसरली असणार. दुसरं कोण आहे इथे.

गुरुवार, १९ मे
टॅम्सिन शनिवारी मोटार बघायला येते आहे. येऊ नकोस, एवढंच सांगायला फोन केला. वाक्य कागदावर लिहून समोर धरलं होतं. तोंडातून निघालं ते मी ऐकलं: लवकर ये. आणि पातळ कपडे घाल. ती हसली, म्हणाली, आई, घसा बसलाय का तुझा?

पुन्हा नंबर फिरवायला गेले तर बोट—

शुक्रवार, २० मे
उजव्या हाताने लिहिते आहे, जमेल तोवर. डावा टेबलाखाली दाबून धरलाय. मॉसप दार उघडत नाहीत. मी डबे परसातल्या विहिरीत टाकायला निघाले, पाय गॅरेजकडेच वळले. समुद्रावर तिला घेऊन जायचं, हे माझं होतं. माझंच होतं ना? तो एकटा बसून कंटाळलाय म्हणून माझं पोर—

टॅम्सिन, ही वही आधी वाच. गॅरेजात पाऊल टाकू नकोस. मी बस म्हटलं तरी बसू—

उद्या: टॅम्सिन येण्याआधी डबे कोमट पाण्यात ठेवणे.