स्वतःचंच तेल पिणारं इंजिन

नाना, परवा खालच्या मजल्यावरच्या शेजारणीने नवी गाडी घेतली, लहानशीच, पेट्रोलची. आज वर येऊन मला विचारते, "ताई, हे टर्बो टर्बो म्हणतात ते नक्की काय असतं हो?" मी सांगायला बसले. सांगता सांगता लक्षात आलं, बोलतेय मी, पण शब्द सगळे तुमचे आहेत. ती गेल्यावर कणीक तशीच झाकून ठेवली आणि वही पुढे ओढली.

लग्न होऊन धुळ्याहून सुरतेला आले तेव्हा माझ्याकडे फिजिक्सची पदवी होती आणि इथल्या मराठी शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी लागली होती. तुम्ही माझे सासरे, सातवीनंतर शाळा सोडलेले, भेस्तानला डिझेल गाड्यांचं गॅरेज चालवणारे. नव्वदचं दशक संपत आलं होतं. टर्बोवाल्या मोठ्या गाड्या नुकत्या रस्त्यावर दिसू लागल्या होत्या आणि त्यांना हात लावायला बरेच मिस्त्री बिचकायचे. तुम्ही एका रविवारी एक अख्खा टर्बो घरीच घेऊन आलात. सासूबाई ओरडत असताना ओट्यावर पेपर पसरून त्याचे सगळे भाग सुटे केलेत. "धूर बाहेर पडताना हे चाक फिरवतो," तुम्ही पाकळ्यांचं एक चाक बोटाने फिरवता. "त्याच दांडीवरचं पलीकडचं चाक ताजी हवा ओढून इंजिनात कोंबतं. धूर आत जात नाही हां, त्याचा नुसता जोर वापरायचा. हवा जास्त गेली की डिझेलही जास्त जाळता येतं. चुलीच्या धुरानेच फुंकणी फुंकावी, तसं." मग माझ्याकडे वळता. "मिनिटाला लाखाच्या वर फेरे मारते ही दांडी. सेकंदाला किती झाले, बाई?" मी पेपरच्या कोपऱ्यावर भागाकार करते. दीड हजाराच्याही वर. "आणि फिरताना टेकते कशावर?" मी म्हणते, बेअरिंगवर. तुम्ही मान हलवता. "कशावरच नाही. चहूबाजूंनी तेलाचा पातळ पापुद्रा, त्यात तरंगते." घर्षणाची गणितं मी कॉलेजात वह्या भरभरून सोडवली होती. पण तव्यावरची भाकरी करपली तरी मी त्या बोटाएवढ्या दांडीकडे बघतच राहिले.

त्यानंतर शाळा सुटली की मी गॅरेजवर यायला लागले. तुम्ही कधी विचारलं नाहीत, कशाला येतेस म्हणून. गिऱ्हाइकांचे प्रश्न ठरलेले असायचे. पर्वत पाटियाचे एक साड्यांचे व्यापारी दर वेळी काळजीने विचारायचे, "काका, आ सीटी केम वागे छे?" तुम्ही सांगायचात, बारीक शिट्टी वाजली तर समजा तब्येत चांगली, किंचाळायला लागली तर मात्र त्याच दिवशी घेऊन या. कुणाची तक्रार, पाय दाबला तरी गाडी लगेच का पळत नाही. "अरे भाई, पहेलां धुमाडो तो थवा दे!" तुम्ही हसत म्हणायचात. धूर झाल्याशिवाय चाक फिरणार कसं, आणि चाक फिरल्याशिवाय हवा येणार कुठून?

मला गाडीही तुम्हीच शिकवलीत, जुनी उचलून स्वतः उभी केलेली घरची टर्बो गाडी. सकाळी सकाळी हजीऱ्याच्या रस्त्याला आपण जायचो. एकदा परतताना मी जोरात आणली, दारात थांबवली आणि झटकन चावी फिरवली. तुम्ही माझ्यावर आवाज चढवलात तो तेवढा एकदाच, आणि रागावलात की तुमच्या तोंडी अहिराणी यायची. "कसाले घाई करस व माय? तिले जराखा दम खाऊ दे!" मग स्वतःच ओशाळून नीट समजावलंत. इंजिन बंद झालं की तेलाचा पंपही बंद. आत मात्र चाक तापलेलं आणि अजून गरगरतंय, उरलेलं तेल तिथेच जळून कोळसा होतं. म्हणून पळवून आणली की मिनिटभर नुसती चालू ठेवायची, मग बंद करायची. मी आजही ते मिनिट थांबते. नव्या गाड्यांना तेवढी गरज नसते म्हणतात, तरी थांबते.

आणि तो दिवस. उन्हाळ्याची सुट्टी होती, मी तुमचा डबा घेऊन आले होते. त्या साड्यांच्या व्यापाऱ्यांची गाडी उभी. कित्येक दिवस निळा धूर सोडत होती, तेल कमी होत होतं, पण सीझन आहे म्हणून ते आणायची टाळाटाळ करत राहिले होते. तुम्ही बॉनेट उघडून कान लावला आणि मला म्हणालात, "बस आत, चालू कर, जरा पाय दाब." मी दाबला. आधी शिट्टी, मग एकदम कर्कश आवाज. मी पाय काढला तरी इंजिन चढतच गेलं. चावी काढून हातात घेतली, तरी चढत होतं. टर्बोचं सील फुटलं होतं, आतलं तेल हवेबरोबर इंजिनात जात होतं आणि ते डिझेलशिवाय स्वतःचंच तेल पिऊन धावत होतं. चावीने डिझेल तुटतं, तेल कसं तुटणार? पांढऱ्या-निळ्या धुराने अंगण भरलं. व्यापारी पळाले, शेजारचा वेल्डर पळाला. आता फुटणार असं वाटत असतानाही मनात आलं, काय ताकद आहे ही! कुणाच्याही हुकमाबाहेर गेलेली.

तेवढ्यात बॉनेट खाली आपटलं आणि धुरात तुम्ही दिसलात. अगदी गाडीच्या समोर. आवाजात काही ऐकू येणं शक्यच नव्हतं. तुम्ही डाव्या हाताची पाच बोटं वर धरलीत, उजवा हात गिअर टाकल्यासारखा ढकललात, मग एक पाय जमिनीवर दाबून दुसरा झटकन उचलून दाखवलात. पाचवा गिअर, ब्रेक, क्लच सोड, म्हणजे रोखलेली चाकंच इंजिनाला बंद पाडतील. मी हँडब्रेक ओढला, ब्रेकवर उभीच राहिले म्हणा ना, पाचवा टाकला आणि क्लचवरचा पाय एकदम काढला. गाडीने जोरात हिसका दिला, वीतभर तुमच्याकडे सरकली, आणि बंद पडली. त्यानंतरची ती शांतता, नाना! धूर विरत होता आणि तुम्ही होतात तिथेच उभे.

"पुढे कशाला उभं राहायचं?" मी खाली उतरून रडतच ओरडले. "ब्रेक सुटला असता तर?"

"बाजूला राहिलो असतो तर हात कसे दिसले असते तुला?" तुम्ही इतकंच म्हणालात, आणि व्यापाऱ्यांना पाणी द्यायला गेलात. ते परत येऊन बाकावर बसले होते.

संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला तुमचं सांगून झालं होतं, "माझी सून जागची हलली नाही." पुढे नातेवाइकांत, लग्नकार्यांत, हॉस्पिटलात शेवटच्या दिवसांत नर्सलासुद्धा तेच. मी दर वेळी मान खाली घालून ऐकायचे आणि लोक कौतुकाने माझ्याकडे बघायचे. नाना, हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही, तुमच्या मुलालाही नाही. पण चावी काढल्यावर मी दार उघडलं होतं. एक पाय बाहेर काढलाही होता. धुरामुळे तुम्हाला दिसलं नाही. समोर तुम्ही होतात, म्हणून तो आत घेतला.