साडभाऊंनी पाठवलेली एसएसडी

हुडको, भिलाई
४ डिसेंबर

तुमसर मुक्कामी साडभाऊ जानराव यांना भिलाईहून चंपतचा रामराम. विजयाबाईंनाही नमस्कार सांगा. तुमची कंबर आता कशी आहे? खाली वाकून काही उचलू नका, आणि उचललंच तर विजयाबाईंना कळू देऊ नका. इकडे आम्ही दोघं ठीक. माझी शुगर सांगण्यासारखी नाही, म्हणून सांगत नाही. फोन असताना पत्र कावून, असं तुम्हाला वाटेल. त्याचं असं आहे की फोनवर मी अडचण सांगायला लागलो की तुम्ही अर्ध्यातच उपाय सांगता, आणि माझी अडचण अर्धीच राहते. पत्रात तुम्हाला मधे बोलता येत नाही.

तर, दिवाळीत तुम्ही आठवणीने पाठवलेली एसएसडी पोचली आणि बसवलीही. त्याबद्दल मनापासून आभार. (आभार आधीच मानून ठेवतो. पुढचं वाचून ते मानले की नाही अशी शंका येऊ शकते.) कंप्युटरची डिस्क म्हटल्यावर मला वाटलं होतं विटेएवढं काही असेल. डबीतून निघाली ती खिशात मावणारी चपटी पट्टी, वजन दोन बिस्किटांचं. तुमची मेहुणी रंभा म्हणाली, भाऊजींनी रिकामी डबी तं नाही पाठवली?

माझ्याकडचा प्रकार तुम्हाला थोडा माहीत आहे, तरी सांगतो. प्लँटमधून निवृत्त झाल्यापासून, म्हणजे गेली सहा वर्षं, नोव्हेंबर हा आमच्या घरी हयातीच्या दाखल्यांचा महिना. पेन्शनवाल्याने आपण जिवंत आहोत हे वर्षातून एकदा कळवायचं असतं, आणि त्यासाठी बोटाचा ठसा घेणारी मशीन माझ्या कंप्युटरला जोडलेली आहे. ओळखीचे तीसचाळीस जण येतात. (मोबाईलपुढे नुसता चेहरा धरूनही हे काम होतं, असं हल्लीची पोरं सांगतात. आमच्या लोकांचा त्यावर विश्वास नाही. मीही तो बसू दिलेला नाही.) अडचण एवढीच की माझा कंप्युटर चालू व्हायला चौदा मिनिटं घेत होता, आणि मधेच अडकला की पुन्हा चौदा. तोवर समोरच्या खोलीत पाचसहा म्हातारे चपला काढून बसलेले. रंभा एकदा सगळ्यांसमोर म्हणाली, “तुमी लोकं जिते हा, हे पाहाले येवढा वेळ कावून लागते? मले तं दारातूनच दिसते.” त्यात तुम्ही वैभवीच्या लग्नात सांगितलं की तुमचा कंप्युटर चहा बशीत ओतेपर्यंत उघडतो. त्या दिवसापासून मला घरात सुख नाही.

कंप्युटरची पेटी उघडली तेव्हा आत अकरा वर्षांची धूळ आणि पालीची दोन अंडी निघाली. अंडी रंभेने बाहेर ठेवली, धूळ माझ्या वाट्याला आली. नवी पट्टी जोडायला वायर शिल्लक नव्हती, म्हणून सीडीवाल्या डब्याची काढून लावली. पट्टीला बसायला आत जागाही नव्हती, म्हणून चिकटपट्टीने चिकटवली. इथपर्यंत मी खुशीत होतो. मग कळलं की जुनी डिस्क पाचशे जीबीची, तुम्ही पाठवलेली अडीचशेची, आणि आत सामान तीनशे दहाचं. (तक्रार नाही. भेटीचं माप काढू नये.) म्हणजे काहीतरी बाहेर काढल्याशिवाय विंडोजसकट सगळं जसंच्या तसं तिकडे जाणार नाही. रंभा खुर्ची ओढून शेजारी बसली आणि आम्ही दोघं चार तास भांडलो. सगळ्यात मोठं गाठोडं तुमच्या वैभवीच्या लग्नाच्या शूटिंगचं निघालं. त्यात वीस मिनिटं नुसते तुम्ही मांडवात चप्पल शोधत आहात. मी म्हटलं एवढं काढू. रंभा म्हणाली, हात लावाल तं खबरदार. शेवटी ते लग्न दुसऱ्या डिस्कवर उतरवून गोदरेजच्या कपाटात ठेवलं, आणि लोकांनी पाठवलेले सुप्रभातचे फोटो मात्र दोघांच्या एकमताने पुसले. ते अकरा हजार होते.

अठ्ठावीस तारखेला सकाळी नक्कल करायला घेतली. ते सॉफ्टवेअर विचारतं, कुठून कुठे? उलटं सांगितलं तर रिकामी डिस्क भरलेलीवर उतरते आणि सगळं साफ. मी रंभेला वाचायला लावलं, ती मला वाचायला लावत होती. एकदाचं दाबलं. काटा सरकू लागला आणि त्रेसष्ट टक्क्यांवर येऊन थांबला तो थांबलाच. साडभाऊ, मी एकतीस वर्षं रेल मिलमध्ये क्रेनच्या केबिनीत काढली. खालून लाल रूळ सारखे सरकत जायचे, आणि सरकणं थांबलं की समजायचं कुठेतरी घोळ झाला. थांबलेली वस्तू मला पाहवत नाही. मी अंगणात गेलो, आत आलो. गेटची कडी लावली, काढली. झाडांना पाणी दिलं, मग आठवलं की सकाळीच दिलं होतं. पुन्हा आत आलो. त्रेसष्ट.

तेवढ्यात बोरसीहून बाबुलाल आला. हा रेल्वे यार्डातून निवृत्त झालेला, दर वर्षी शेवटच्या दोनतीन दिवसांत उगवतो. या वर्षी तारीख टळली तर पेन्शन अडकेल म्हणून तोही कासावीस. मी त्याला सांगितलं, आत्ता लाइट गेली तर माझं सगळं जाईल. तो निमूट उठून स्विचपाशी उभा राहिला, आणि रंभा मिक्सर लावायला आली तेव्हा त्याने तिला हात दाखवून थांबवलं. (गाडी थांबवण्याची सवय.) दोन तासांनी काटा आपोआप हलला, शंभर झाले, आणि आम्ही दोघांनी हात मिळवले. कंप्युटर बंद केला, चालू केला. चौदा मिनिटं. एक मिनिट कमी नाही. रंभेने घड्याळाकडे पाहिलं आणि आत जाऊन अडवलेला मिक्सर लावला.

मग माझ्या ध्यानात आलं की हा पठ्ठ्या अजून जुन्या डिस्कवरूनच उघडतो आहे. मी तावातावाने जुनीची वायर उपटली. आता पडदा काळा, आणि त्यावर पांढरी एक ओळ, की चालू होण्यासारखं काही सापडत नाही. बाबुलाल माझ्या खांद्यावरून पाहत होता.

“मेला काय?” त्याने विचारलं.

“तसंच दिसून राहिलं.”

“अरे, थो मेला तं मी जिता हाय हे कोन सांगन?”

त्याच्या स्कूटरवर मागे बसलो, कंप्युटरची पेटी नातवासारखी मांडीवर धरली, आणि सुपेल्याला दिपालीच्या दुकानात गेलो. (दिपाली म्हणजे दुरुस्तीचं दुकान एकटीने चालवणारी बाई. हातात पेचकस, आणि बोलण्यात दयामाया नाही.) ती म्हणाली, “अंकल, नया विंडोज डाल देती हूँ, पुराना सब उड़ जायेगा, चलेगा?” नाही चलेगा, असं आम्ही दोघं एकदमच ओरडलो. मग तिने पेटी उघडली, माझी चिकटपट्टी पाहून हसली, आणि अंगठ्याने एक वायर आत दाबली. टक् असा आवाज झाला. नक्कल उत्तम झाली होती, मी जुनीची वायर उपटताना नवीचीही निसटली होती. आधी नव्या पट्टीवरूनच उघडावं असं एक सेटिंग तिने बदलून दिलं, पुढे लागलं तर असू द्यावी म्हणून जुनी डिस्कही परत जोडून दिली, आणि बटण दाबलं. बारा सेकंद. बाबुलालने टाळी वाजवली.

घरी येऊन त्याचं बोट मशीनवर ठेवलं. यार्डात डब्यांची कपलिंग ओढून ओढून रेषा झिजलेल्या, पाच वेळा मशीन नाही म्हणाली. रंभेने त्याच्या बोटाला खोबरेल तेल चोळून पुसून दिलं, आणि सहाव्यांदा लागलं. सगळं मिळून चार मिनिटं. तो उठला. मी म्हटलं बस ना. तो म्हणाला, “काम तं झालं नं, मंग कायले बसू?” आणि गेला. दुसऱ्या दिवशी राहिलेले सात जण आले. पहिला चप्पल काढेपर्यंत कंप्युटर तयार होता. सातही जण पाऊण तासात आटोपले. मागल्या वर्षी याच सात जणांत एकाने भावाशी झालेलं भांडण सांगितलं होतं, एकाने डोळ्याच्या ऑपरेशनची भीती सांगितली होती, आणि आम्ही त्याच्यासोबत दवाखान्यात गेलो होतो. या वर्षी त्या डोळ्याचं पुढे काय झालं हे विचारायचंच राहिलं. तो गेटबाहेर पडल्यावर मला आठवलं, आणि हाक मारेपर्यंत स्कूटर वळली होती. तीस तारखेपासून खोली रिकामी आहे. मी कंप्युटर उघडतो, बारा सेकंदांत उघडतो, काही काम नसतं, बंद करतो. काल असं नऊ वेळा केलं.

असो. वस्तू फार उत्तम आहे, तुमची निवड उत्तम. कंबर सांभाळा.

तुमचा,
चंपत

ता. क. विजयाबाईंच्या लोणच्याला बुरशी आली नाही. त्यांनी विचारलं होतं.

ता. क. २. मुख्य गोष्ट राहिली. दिपालीने बदललेलं ते सेटिंग मी काल रात्री शोधून काढलं आणि पुन्हा जुन्या डिस्कवर लावलं. तुमची पट्टी आत सुखरूप आहे, फक्त चालत नाही. हे रंभेला सांगितलेलं नाही. कंप्युटर पुन्हा हळू कावून झाला, हे ती तुम्हाला फोन करून विचारणार, कारण या बाबतीत तिचा माझ्यापेक्षा तुमच्यावर विश्वास आहे. तुम्ही एवढंच सांगा की थंडीच्या दिवसांत नवी डिस्क अशी सुस्तावते, आणि घाई करू नये. तुमच्या तोंडून ते खरं वाटेल.

भाऊजी, रंभाचा नमस्कार. पत्र पेटीत टाकाले माह्याजवळच देलं, म्हनून वाचलं. दोन दिस टाकाचं राहून गेलं. थो बाबुलाल काल पुन्हा आला होता, दाखला झाला हाय तरी. कंप्युटर लावतो म्हनून ह्यायनं बसवून ठेवलं त्याले, आन् दोघं दोन तास हासून राहिले होते. मी रविवारी फोन करीन. ह्यायनं लिहिलं तसंच सांगजा. मी “असं काय!” म्हनीन.