घोडीच्या पोटातला गारवा

सोलापूर,
वैशाखातला सोमवार, १९७५

प्रिय दाक्षे,

आधी ती तांबडी पेन्शिल खाली ठेव. मला ठाऊक हाय, माजं पत्र आलं की तू पयल्यांदा चुका काढतीस आन् मंग मजकूर वाचतीस. तू सातवी फायनल झालेली, आन् तुझी ही वैनी अक्कलकोटाकडच्या खेड्यातली, चौथीपर्यंतची. आमचे गुरुजी वर्गात घोरायचे आन् आमी पोरी भाईर चिंचा पाडायचो. जे काय लिवायला आलं ते चिंचेखालीच आलं. तवा आंबट लागलं तर गोड मानून घे.

तर बातमी अशी, की मी घोडीत गार हवेची मशीन बसवली. हसलीस ना? हास. सगळं सोलापूर हासून झालंय, तुजं जेऊर तेवढं ऱ्हायलं व्हतं. घोडी म्हंजे आपली तीच, लाल, दोन दारांची अमेरिकन गाडी, तोंडावर पळता घोडा असलेली. तुझे अण्णा मुंबईला सुताचा सौदा करायला गेले आन् कुठल्याशा परदेशी साहेबाच्या सामानाच्या लिलावातनं ही धरून आले. सुताचं इचारलं तर म्हनले, सूत काय पळतंय व्हय? काय तिची ताकद ग! इंजिन चालू केलं की शेजारच्या पार्वतम्माची म्हस दावं तोडून पळायची, आन् मंग पार्वतम्मा अण्णांच्या नावानं खडे फोडत, आता चहाला दूध मिळायचं न्हाय म्हनून गल्लीभर सांगत फिरायची.

आन् तिचं चाक डाव्या अंगाला. तुला आठवतंय न्हवं? डावीकडं बसून अण्णांना म्होरल्या बैलगाडीच्या पलीकडचं काय बी दिसायचं न्हाय. मंग उजवीकडच्या सीटवर तू. खिडकीतनं मुंडकं भाईर काढून, पदर डोक्यावरनं उडालेला, आन् घसा हा येवढा मोकळा, "जा अण्णा, जा! मोकळं हाय!" त्यो तुजा आवाज ऐकून बैलगाडीवाला सुदीक बैल पळवायचा. आन् मी कुटं? मागं. चटणीचा डबा, पान्याची कळशी आन् ज्वारीच्या भाकऱ्या मांडीवर घिऊन. लग्नाची बायकू मागं आन् भन म्होरं! एकदा मी अण्णांना म्हनलं बी, मला बसवा की म्होरं. बसवलं. मी म्हनलं, जा, आन् समोरनं एस्टी. त्या दिवसापासनं माजी सीट मागलीच.

अण्णा गेल्यापासनं घोडी गोदामात, चादरींच्या गठ्ठ्याशेजारी, एका चादरीखाली उभी व्हती. आपला ड्रायव्हर येडू तिला रोज पुसायचा, अठवड्यातनं एकदा आंगनात फिरवून परत बांधायचा. चैत्रात माजा दीर, म्हंजे तुजा लाडका धाकटा भाऊ सिद्रामप्पा, माज्याम्होरं येऊन बसला. म्हनला, वैनी, ही गाडी पेट्रोल न्हाय, रगत पिती. कोल्लापूरचा एक हाटेलवाला मागतोय, दिऊन टाकू. आन् वैशाखात तिच्यात बसायचं म्हंजे भाकरीनं हून तव्यावर बसायचं. खोटं कशाला बोलू, ते खरंच हाय. ऊन वरनं आन् इंजिनाची धग पायातनं. मी म्हनलं, भावजी, बसवजयंतीपतूर थांबा. मी तिला गार करते. गार झाली तर घरात ऱ्हाईल, न्हाय झाली तर मी सोता हार घालून हाटेलवाल्याच्या दारात सोडते. त्यो येवढा हासला, की तोंडातलं पान धोतरावर सांडलं. शब्द मात्र दिला.

मंग गल्लीला कामच मिळालं. नवरा गेला आन् हिला गार वारं सुचलं! पार्वतम्मा कट्ट्यावर येऊन खोदून खोदून इचारायला लागली, कुनासाठी ग हे? मी म्हनलं, डाक्टरनं सांगितलंय, माजं डोकं लवकर तापतं. तिच्या सुनेला सांगितलं, दूध नासू नये म्हनून. देवळातल्या पुजाऱ्याला म्हनलं, सिनेमात काम करनार हाय. तिघं एकत्र बसले आन् त्यांचं भांडान लागलं. खरं कारन मी कुनालाच सांगितलं न्हाय. तुला बी आत्ताच न्हाय सांगत.

मशीन बसवायला कोन मिळाला म्हनशील, तर ईश्वरप्पा. गिरनीतनं निवृत्त झालेला, नाकावर दोऱ्यानं बांधलेला चष्मा. जल्मभर त्यो गिरनीत सुताला गारवा द्यायच्या खात्यात. सूत कोरडं झालं की मागावर तुटतं, म्हनून तितं हवेत पान्याचा फवारा सोडत्यात. ह्यो म्हनला, आक्का, सुताला गार ठिवलं, तर मानसाला ठिवायला काय लागतंय? हैद्राबादेला कुठलीशी मोठी गाडी झाडावर आदळून मेली व्हती, तिच्या पोटातली मशीन त्येनं आनली. एक पेटी म्होरल्या फळीखाली, एक पंप इंजिनाच्या उरावर, आन् पंप फिरवायला मागाचा पट्टा! इंजिनाचं झाकन लागंना, तर झाकनाला वरनं भोक पाडलं. येडू बिचारा भिताडाकडं तोंड करून उभा ऱ्हायला. मी एकच सांगितलं. हवा म्होरल्या उजव्या सीटवर लागली पायजे. तोंडावर, गुडघ्यावर न्हाय, गुडघे धरत्यात. ईश्वरप्पा म्हनला, आक्का, उजवी सीट तर मोकळीच हाय. मी म्हनलं, म्हनूनच.

मशीन सुरू झाली. वारं आलं, गार बी आलं. माज्या डोळ्यात पानी आलं, पर ईश्वरप्पाचं तोंड उतरलं. हात धरून बघतोय आन् मान हलवतोय. हे तर कोरडं हाय, म्हनला. असल्या हवेत सूत टिकनार न्हाय. अरे बाबा, म्हनलं, घोडीत सूत कोन कातनार हाय? पर खात्याचा मानूस त्यो. मला न इचारता त्येनं पेटीच्या तोंडाशी गिरनीतल्यासारखा फवारा बसवला, आन् पान्याचा डबा सीटखाली दडवला. म्हनला न्हाय काय बी, जयंतीला आक्काला नवल दाखवू म्हनून.

दाखवलं की नवल! जयंतीची मिरवनूक तुला म्हाईत हाय, डोक्यावर ऊन, पायाखाली डांबर वितळतंय. सिद्रामप्पानं मठातल्या अप्पाजींनाच इनंती केली, की गाडीत बसा. त्येला वाटलं, अप्पाजी घामानं चिंब हून उतरले की वैनीचं तोंड बंद. अप्पाजी उजव्या सीटवर, भगवी शाल, कपाळावर पांढरीधोप इभूत. मी मागं, सिद्रामप्पा माज्या शेजारी, चाकावर येडू. काचा बंद. येडूनं खटका दाबला आन् दाक्षे, गाडीत पाऊस की ग! फुस्स करून फवारा सुटला त्यो सरळ अप्पाजींच्या तोंडावर. मीच सांगितलं व्हतं न्हवं, तोंडावर म्हनून! काचा धुरकटल्या. येडू वरडतोय, अप्पाजी, म्होरं रस्ता हाय का? अप्पाजी शालीच्या पदरानं काच पुसतायत आन् म्हनतायत, शिवा शिवा, मला मिरवनुकीतला नंदीसुदीक दिसंना. सिद्रामप्पा खटका बंद करायला वाकला तर त्यो खटका त्येच्या हातात आला. मी तोंडात पदर कोंबून बसले, हासले असते तर पाप लागलं असतं. थोडं लागलंच असंल.

चौकात दार उघडलं. पान्यासंगट धुकं भाईर पडलं, आन् त्या धुक्यातनं अप्पाजी. इभूत गालावरनं वघळून दाढीत, हुडहुडी भरलेली, शाल घट्ट लपेटलेली. वैशाखात, सोलापुरात, शाल! मानसं टाचा उंचावून बघतायत. मंग निंगव्वा म्हातारी हात जोडून म्होरं आली आन् गाडीखाली बघून किंचाळली. मशीनचं पानी खालनं टपटप गळत व्हतं. तिनं तांब्या लावला. अप्पाजींच्या गाडीचं तीर्थ! झालं. बघता बघता तांबे, वाट्या, कुनाचा तरी जेवनाचा डबा, सगळं घोडीच्या पोटाखाली. पार्वतम्मा तर आडवी पडून तोंडच लावायला निगाली व्हती. ईश्वरप्पा लांबनं वरडतोय, अवं, त्ये मशीनचं पानी हाय, पिऊ नका! कोन ऐकतंय? आन् अप्पाजी दात वाजवत सिद्रामप्पाला म्हनले, बाळ, जल्मात पयल्यांदा वैशाखात थंडी वाजली. ही गाडी घराभाईर घालवू नगा. भावजींचं तोंड बघायला तू पायजे व्हतीस. हाटेलवाल्याला त्याच दिवशी नकार गेला.

दुसऱ्या दिवशी मी फवारा काढायला लावला. ईश्वरप्पा रुसला, पर पुरनपोळी खाऊन गेला. आता हवा कोरडी, गार, झकास. काल येडूला घिऊन मोहोळापतूर जाऊन आले. तितं एक नवीनच भानगड कळली. गार हवा चालू असली की घोडीला पळायला पायजे. एका कडब्याच्या गाडीमागं आमी आडकलो. येडूला म्होरचं दिसंना, आन् उजव्या सीटवर कोनच न्हाय. मी मागनं वाकून बघितलं आन् म्हनलं, जा. त्येला त्या एस्टीची गोष्ट ठाऊक हाय, त्यो काय गेला न्हाय. बैलाच्या चालीनं गेलो आन् घोडीचं पानी खळाखळा उकळलं. कडबेवाला थांबून म्हनला, बाई, बैल जोडू का?

तर दाक्षे, आता खरं कारन. अण्णा गेले त्या दुपारी तू निगालीस आन् जेऊरच्या फलाटावर उन्हानं चक्कर येऊन पडलीस. रातच्याला नीट शुद्धीवर आलीस तवा हितं माती दिऊन झाली व्हती. त्या दिवसापासनं तू सोलापूरची पायरी चढली न्हाईस. दर पुन्यतिथीला दाजींच्या हातनं निरोप धाडतीस, ऊन सोसवत न्हाय. मला ठाऊक हाय ग काय सोसवत न्हाय ते. पर आयक, त्यो मानूस कुनासाठीच थांबला न्हाय. मी ताक आनायला आत गेले, तेवढ्यात गेला. शेवटच्या घडीला तू जवळ न्हाय म्हनून तुज्यावर राग धरून गेला म्हनतीस? जाताना त्येला घाई व्हती, नेहमीसारखी, आन् रस्ता मोकळा हाय म्हनून सांगायला तू न्हवतीस, येवढंच. आता उन्हाचं तुजं कारन मी काढून टाकलंय. दुसरं असंल तर समोर येऊन सांग. येत्या सोमवारी पुन्यतिथी हाय. रविवारी सकाळी येडू आन् मी घोडी घिऊन तुज्या दारात उभे ऱ्हानार, मशीन चालू ठिवून. न्हाय आलीस तर सगळं जेऊर तांबे घिऊन गोळा हुईल, मंग मला बोलू नगो. येताना फराळ आनू नगो, लुगडं आनू नगो. घसा तेवढा घिऊन ये. येडूला रस्ता सांगायला कोन न्हाय.

तुझीच,
मागल्या सीटवरची वैनी,
गौरम्मा